कवेलूच्या (कौलांच्या) घरात माळ्याची खोली करायची असेल तर

नातवंडं उन्हाळ्यात गावी यायला लागली की घरातला माळा डोळ्यांत भरतो. सागाच्या फळ्या आहेतच, एक खिडकी फोडली की खोली तयार, असा सरळ हिशेब असतो. पण तो माळा बांधला तुरीची पोती, कुटार आणि मोडकी तिफण ठेवायला. पोती भिंतीकडेनं रचली जातात आणि जागची हलत नाहीत. माणसं खाट मधोमध टाकतात, पोरं उड्या मारतात.

काम दिवाळीनंतर, पीक घरात आल्यावर काढा आणि कवेलू फेरायच्या, म्हणजे उतरवून पुन्हा रचायच्या, वेळेपर्यंत संपवा. मृगाच्या तोंडावर उघडं छप्पर नको.

आधी माळा पूर्ण रिकामा करा. पोतं ओढण्याआधी काठीनं हलवा; उंदीर असतील तिथं साप येतोच. कपाशीच्या फवारणीच्या बाटल्या, पंप, धान्यात टाकायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घराबाहेर, कुलपात जाऊ द्या. हवेतला ओलावा लागला की या गोळ्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. गोळ्या टाकलेलं धान्य घरात असेल तर माळ्यावरच काय, खालच्या खोलीतही कोणी झोपू नये.

मग तुळया. त्या मधे चांगल्या दिसतात आणि भिंतीत शिरतात तिथं सडलेल्या असतात, कारण ओल आणि उधई (वाळवी) दोन्ही तिथूनच येतात. त्या टोकाशी पेचकस दाबून बघा. भुसभुशीत लागलं, हातोडीनं ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर ती तुळई बदलायचीच. नंतर तुळईच्या खालच्या अंगाला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून धरा. दहा फुटांत मधला भाग अर्ध्या इंचापेक्षा जास्त खाली आला असेल, तर वर माणसं चढवू नका.

भिंतीही बघा. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया हलवते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली असेल तर तिच्यावर प्लास्टरची छोटी पट्टी लावून तारीख लिहा. एक पावसाळा जाऊ द्या. पट्टी फुटली तर भिंत अजून हलते आहे, त्या भिंतीवर वजन टाकू नका. हा सल्ला कोणालाच आवडत नाही, वर्ष जातं म्हणतात. जाऊ द्या.

राहत्या खोलीसाठी आयएस ८७५ हे भारतीय मानक चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजन धरतं. म्हणजे १० बाय १२ फुटांच्या खोलीला सव्वादोन टन. जुन्या तुळया तेवढं पेलतील का, हे इंजिनीअरला विचारा. मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका. आधार लागला तर लोखंडी गर्डर टाका, पण मातीच्या भिंतीवर टेकवू नका. त्याला जमिनीपासून स्वतःचे खांब आणि पाया हवा. वर फरशीचा हट्ट नको, नुसत्या दोन इंच काँक्रीटचंच वजन चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास जातं. फळ्या किंवा जाड प्लायवूड पुरे.

छपराच्या कैचीतली, म्हणजे तिकोनी सांगाड्यातली, आडवी तुळई डोक्याला लागते म्हणून कापायचा मोह होतो. कापूच नका. छप्पर भिंतींना बाहेर ढकलत असतं, ते हीच धरून ठेवते. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या खोलीत उतरत्या छपराखालची सरासरी उंची २.७५ मीटर हवी. तेवढी नसेल, आणि बहुतेक घरांत नसतेच, तर माळा दुपारी वाचायला, सामान ठेवायला वापरा. कायमची खोली म्हणू नका.

आता उन्हाचं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो तेव्हा माळ्याची भट्टी होते, टिनाखाली तर विचारूच नका. कवेलूखाली बांबूच्या तट्ट्यांचं अस्तर लावा आणि दोन्हींमध्ये चार-सहा इंच मोकळी हवा राहू द्या. समोरासमोर दोन खिडक्या ठेवा, छपराच्या शेंड्याजवळ गरम हवा जायला जाळीची फट काढा. वानरं कवेलू फोडतात, म्हणून खिडक्यांना जाळी हवीच. मात्र एक खिडकी आतून उघडणारी आणि माणूस बाहेर पडेल एवढी असू द्या. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना भोक पाडू नका, कापू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात बसते. कूलर माळ्यावर नको, पाण्यानं भरलेला तो जड असतो.

शिडी काढून जिना करा. पायरी १९० मिलिमीटरपेक्षा उंच नको, पाय ठेवायला निदान २५० मिलिमीटर जागा हवी, कठडा मीटरभर. खाली चूल असेल तर आधी धुराडं बांधा, नाहीतर सगळा धूर वर झोपणाऱ्याच्या छातीत.

वायरी पीव्हीसी पाइपातूनच न्या, उंदीर उघडी वायर कुरतडतात. माळ्यासाठी वेगळा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळून शॉक बसायची वेळ आली की ती तोडणारा) आणि नीट अर्थिंग करून घ्या.

ग्रामपंचायतीत बांधकामाच्या परवानगीचं काम सुरू होण्याआधीच विचारा, आणि नमुना ८ मध्ये (घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत) नोंद बदलून घर कर वाढेल का तेही त्याच फेरीत विचारून घ्या.