जुन्या ॲम्बेसिडरचे टॅपेट घरी कसे सेट करावेत

जुनी ॲम्बेसिडर सांभाळणाऱ्यांची ठरलेली तक्रार असते, "टॅपेट वाजतायत." मग कुणीतरी ते कसून देतो, इंजिन गप्प होतं, मालक खूश. काही महिन्यांनी तीच गाडी पसरणी घाटात धापा टाकू लागते. टॅपेट सेट करायचे ते आवाज घालवायला नाही, गॅप बरोबर ठेवायला. गॅप म्हणजे रॉकर (वॉल्व्ह दाबून उघडणारा दांडा) आणि वॉल्व्हचं टोक यांच्यामधली फट. गॅप जास्त असेल तर टकटक होते, पिकअप जरा कमी मिळतो. गॅप फार कमी असेल तर मात्र कानाला काहीच कळत नाही आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह, म्हणजे जळका धूर बाहेर सोडणारी झडप, जळतो. वॉल्व्ह सीटवर (आपल्या बैठकीवर) टेकतो तेव्हाच त्याची उष्णता हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, उतरते. तो पूर्ण टेकलाच नाही तर ती जाणार कुठे? सीट झिजते तसा वॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप आपोआप कमी होत जाते. म्हणून न वाजणारी गाडीही अधूनमधून उघडून पाहावी.

पुढची माहिती १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाची आहे, म्हणजे बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सीरिजची. डिझेल किंवा इसुझु इंजिनाच्या १८०० सीसी गाडीला हे आकडे लावू नका. इथे इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हींची गॅप सारखीच, ०.०१५ इंच, म्हणजे सुमारे ०.३८ मिमी. मिस्त्रींच्या भाषेत पंधरा थाऊ; थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. इंजिन थंड हवं की गरम, ते आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा आणि आठही वॉल्व्ह त्याच स्थितीत मोजा. थंड मोजायचं असेल तर गाडी रात्रभर उभी असलेली बरी.

फिलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पाती), रुंद पात्याचा स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना आणि रिंग पाना लागेल. नट इंची मापाचे आहेत; मिलिमीटरचा पाना जेमतेम बसतो, घसरतो आणि नटाच्या कडा गोल करून ठेवतो. टॅपेट कव्हरचं (रॉकरवरच्या झाकणाचं) नवं पॅकिंग आधीच आणून ठेवा. दुकानं बंद असलेल्या दिवशी कव्हर उघडून बसण्यात अर्थ नाही.

बॅटरीची एक वायर काढा. चारही प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. प्लगच्या वायरींवर नंबर टाकायला विसरू नका. कव्हरवरची धूळ आधी पुसा, नाहीतर ती सरळ रॉकरवर पडते. मग वरचे दोन नट काढून कव्हर उचला. पुढच्या बाजूने, म्हणजे रेडिएटरकडून, वॉल्व्ह एक ते आठ मोजा.

इंजिन फिरवायला हँडल असेल तर उत्तम: गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. हँडल नसेल तर टॉप गिअर टाकून, हँडब्रेक सोडून, कुणाला तरी गाडी हळूहळू पुढे ढकलायला सांगा. त्यासाठी जागा सपाट हवी, आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या पेठांत ती शोधावीच लागते. ढकलून झालं की दरवेळी चाकाला दगड लावा, मगच इंजिनात हात घाला.

कुठला वॉल्व्ह कधी मोजायचा, याचा हिशोब नऊचा आहे. जो वॉल्व्ह पूर्ण उघडलेला (स्प्रिंग सगळ्यात जास्त दबलेली) दिसेल, त्याचा नंबर नऊमधून वजा करा. येईल तो वॉल्व्ह मोजायचा. आठवा उघडा असेल तर पहिला, सहावा उघडा असेल तर तिसरा. मग चौथ्याला पाचवा, सातव्याला दुसरा, आणि पुढे याच जोड्या उलट.

गेजचं पातं रॉकर आणि वॉल्व्हच्या टोकामध्ये सरकवा. लोणी कापल्यासारखं सहज जाऊ नये आणि दामटावंही लागू नये; हलकी ओढ लागली पाहिजे. ओढ बरोबर नसेल तर रॉकरच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या स्क्रूचा चेक नट (स्क्रू जागेवर धरणारा नट) सैल करा, स्क्रू किंचित फिरवा, स्क्रू ड्रायव्हरने तो तसाच धरून नट आवळा. आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, त्यामुळे नट घट्ट झाल्यावर पुन्हा मोजा. बहुतेकांचं काम बिघडतं ते इथे.

रॉकरच्या टोकाखाली नख फिरवून बघा. खळगा लागला तर सपाट पातं त्याच्या काठांवर टेकतं आणि खरी गॅप दिसते त्यापेक्षा जास्त असते. असा रॉकर गेज बरोबर दाखवूनही वाजत राहतो. त्यावर इलाज रॉकर बदलणं. आवाज दाबायला स्क्रू आणखी आत घालू नका.

कव्हर बसवताना जुन्या पॅकिंगचे तुकडे खरवडून काढा, पण आत पडू देऊ नका. नट फार कसलेत तर पॅकिंग चेपून ऑइल गळतं. सगळं जोडून इंजिन थोडा वेळ चालवा आणि कव्हरच्या कडेने बोट फिरवून गळती बघा. एखाद्याच वॉल्व्हची गॅप थोड्याच दिवसांत पुन्हा कमी झाली, तर परत परत सेट करत बसू नका. कॉम्प्रेशन तपासून घ्या. बहुधा हेड उतरवावं लागेल.