बुलेटिन वाचायला बसण्याआधी

अमेरिकेत हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स काढून क्लबात थोडं रुळलात की एक दिवस नेट कंट्रोलवाला (रेडिओवरची सभा चालवणारा) म्हणतोच, "पुढच्या वेळी बुलेटिन तू वाच." आमच्या न्यू जर्सीच्या क्लबात रेडिओवरून बातमीपत्र वाचायचं हे काम बहुतेक नव्यांच्याच गळ्यात पडतं. आवाज बरा असला की झालं, असं सगळ्यांना वाटतं.

मुळात हॅमला ब्रॉडकास्टिंगची परवानगी नाही. एकतर्फी बोलण्याच्या ज्या मोजक्या सवलती पार्ट ९७ मध्ये (अमेरिकेच्या हॅम नियमावलीत) आहेत, त्यात बुलेटिन येतं. तेही फक्त हॅम मंडळींसाठी आणि हॅमच्याच विषयाचं. एडिसनमधल्या गणपतीची आरती किती वाजता, हे त्यात बसत नाही. मिरवणुकीला वायरलेस घेऊन उभे राहायला हॅम हवे असतील, तर मात्र खुशाल सांगा.

दुसरी गोष्ट फ्रिक्वेन्सीची. ती कुणाच्याही नावावर नसते. काही जण न्यूइंग्टनच्या डब्ल्यू वन ए डब्ल्यू या अमेरिकेतल्या हॅम संघटनेच्या स्टेशनचा दाखला देतात. तिथली बुलेटिनं ठरल्या वेळी, १४.२९० मेगाहर्ट्झसारख्या जाहीर फ्रिक्वेन्सीवर लागतात, हे खरं. वेळापत्रक ३० दिवस आधी जाहीर करण्याची अटही नियमात आहे, पण ती आहे ऑपरेटरला पगार देता यावा म्हणून. त्यातून जागेचा हक्क मिळत नाही. तुमच्या क्लबाने रविवारी ९ ची वेळ छापली असेल, पण ९ वाजता तिथे दोघं बोलत असतील तर तुम्ही ३-४ किलोहर्ट्झ सरकायचं. त्यांना उठवायचं नाही.

एचएफवर, म्हणजे दूर पोचणाऱ्या शॉर्टवेव्हवर, तर नुसतं ऐकून भागत नाही. स्किपमुळे (लहरी आकाशातून परावर्तित होऊन जवळचा पट्टा ओलांडून लांब उतरतात, त्यामुळे) बोलणाऱ्या दोघांतला एकच तुम्हाला ऐकू येतो, कधी दोघंही नाही. तुमचा सिग्नल मात्र त्यांच्या डोक्यावर जाऊन आदळतो. म्हणून मिनिटभर ऐका, "फ्रिक्वेन्सी इन यूज?" विचारा, कॉलसाइन (लायसन्सवरचं तुमचं सांकेतिक नाव) सांगा, थांबा, पुन्हा विचारा. समोरची शांतता तुमच्या एरियलपुरतीच असू शकते. १४.३०० च्या आसपास फिरकूच नका, ती जागा आणीबाणीच्या कामासाठी पाळतात. १४.१०० वरही नको, तिथे बीकन (लहरी कुठवर पोचतात ते कळावं म्हणून ठरावीक सिग्नल सोडणारी स्टेशनं) असतात.

दोन मीटर बँडच्या रिपीटरवर (तुमचा आवाज पकडून पुन्हा लांबवर सोडणाऱ्या स्टेशनवर) त्रास वेगळा. तुम्ही पीटीटी (बोलायचं बटण) दाबून धरलं की रिपीटरची आत यायची वाट, म्हणजे इनपुट, अडकतं. हायवेवरून अपघात कळवणाऱ्याला मध्ये शिरताच येत नाही. बऱ्याच रिपीटरना तीनेक मिनिटांचा टायमरही असतो, तो उडाला की तुमची बातमी अर्ध्यावर तुटते. मी कागदावर प्रत्येक परिच्छेदाखाली लाल रेघ मारतो. रेघ आली की बटण सोडायचं, रिपीटरची बीप होऊ द्यायची आणि मग दोन-तीन सेकंद गप्प. "ब्रेक" (मला मध्ये बोलू द्या) ऐकू आलं तर कागद खाली, माइक त्याचा. अशा वेळी "जरा संपवू दे" म्हणणारे महाभाग मी ऐकलेत.

कॉलसाइन दर १० मिनिटांनी आणि शेवटी द्यावंच लागतं. पण बुलेटिन १० मिनिटांवर जात असेल तर माझ्या मते ते कापायलाच हवं. जे ईमेलने आधीच सगळ्यांना गेलंय ते कशाला वाचायचं? आणि चेक-इन (ऐकणाऱ्यांची हजेरी) घ्यायचे असतील तर बाजूची मोकळी फ्रिक्वेन्सी सांगून तिकडे जा. तिथेही आधी विचारूनच.