शेततळ्यातल्या पंगसाला खाद्य किती द्यावे

पंगस हा मासा खाण्याच्या बाबतीत मत्स्यपालकाला हमखास फसवतो. काठावर माणसाची सावली पडली तरी तो तोंड वर काढून गोळा होतो आणि त्याची भूक अजून भागलेली नाही असे समजून आणखी दोन ओंजळी खाद्य पाण्यात पडते. मत्स्यपालनाच्या एकूण खर्चात निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचा असल्याने या दोन ओंजळींचा हिशेब ठेवणे भाग आहे.

खाद्याचे रोजचे प्रमाण तळ्यातील माशांच्या एकूण वजनाच्या टक्क्यांत मोजतात. त्यासाठी दर पंधरा दिवसांनी, सकाळचे खाद्य देण्याआधी, तळ्याच्या तीन-चार बाजूंना फेकजाळे टाकून तीस-चाळीस मासे पकडावेत आणि त्यांचे वजन करावे. समजा, ४० माशांचे वजन ८ किलो भरले, तर एक मासा सरासरी २०० ग्रॅमचा झाला. सोडलेल्या २,००० बोटुकल्यांपैकी (बोटाएवढ्या पिल्लांपैकी) १,८०० जगल्या असे धरल्यास तळ्यात ३६० किलो मासा आहे, आणि ३ टक्के दराने त्याला दिवसाला १० किलो ८०० ग्रॅम खाद्य लागेल. हे खाद्य सकाळी नऊ-दहाच्या सुमारास आणि दुपारी चारनंतर असे विभागून द्यावे. जगलेल्या माशांचा आकडा मात्र हात राखूनच धरावा, कारण मेलेले सगळेच मासे वर येत नाहीत आणि बगळे व पाणकावळे आपला वाटा सांगून नेत नाहीत.

मासा वाढतो तसा हा दर उतरत जातो. ५० ग्रॅमपर्यंतच्या पिल्लांना ५ ते ६ टक्के, २०० ग्रॅमच्या आसपास ३ टक्के, अर्ध्या किलोच्या पुढे २ टक्क्यांच्या आत आणि किलोच्या जवळ आल्यावर एक-सव्वा टक्का पुरतो. खाद्याच्या पोत्यावरील तक्ता मी कमाल मर्यादा म्हणून वाचतो. तो रोज गाठलाच पाहिजे असे नाही.

याचे कारण माशाच्या शरीरात आहे. खाद्याचा पहिला हिस्सा श्वसन, हालचाल आणि शरीराची झीज भरून काढण्यात जातो. तेवढेच मिळाले तर मासा जगतो, पण वाढत नाही. त्यापुढचे खाद्य मांस बनवते. मांसातील प्रथिने आपल्यासोबत स्वतःच्या तिप्पट-चौपट पाणी धरून ठेवतात, त्यामुळे थोड्या खाद्यातही वजन झपाट्याने वाढते. दर आणखी वाढवला की मांस बनण्याचा वेग मागे पडतो आणि उरलेली ऊर्जा चरबी होऊन साठते. चरबी जवळजवळ पाणी धरत नाही, म्हणून तितक्याच ऊर्जेत वजन कमी वाढते. शरीरातील प्रथिनांची टक्केवारी फारशी हलत नाही. चरबी चढते तसे पाण्याचे प्रमाण उतरते. आणि जे खाद्य खाल्लेच जात नाही ते तळाशी कुजून अमोनिया वाढवते.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर महिन्यातून एकदा मध्यम आकाराचे दोन-तीन मासे चिरावेत. पंगसाचे पोट उघडले की आतड्याभोवती पांढऱ्या चरबीचे थर दिसतात. ते बोटांनी सोडवून वजनकाट्यावर ठेवावेत. गेल्या महिन्यात ८०० ग्रॅमच्या माशात २० ग्रॅम आणि आज किलोभराच्या माशात ४० ग्रॅम चरबी निघाली, तर वजन सव्वापट झाले असताना चरबी दुप्पट झाली. गिऱ्हाईक मासा साफ करून घेते तेव्हा ही चरबी कचऱ्यात जाते, म्हणून अशा वेळी दर उतरवावा.

दर ठरवण्याची मला पटलेली रीत साधी आहे. वजन केल्याच्या दुसऱ्या दिवशी तरंगते खाद्य थोडे थोडे टाकत पंधरा-वीस मिनिटांत मासे किती खातात ते मोजावे आणि पुढचे दिवस त्याच्या ८५ ते ९० टक्केच द्यावे. त्याहून फार हात आखडला तर दांडगे मासे खाद्य पळवतात, बारके मागे राहतात आणि विक्रीच्या वेळी माल एकसारखा निघत नाही. पंधरवड्यात १६२ किलो खाद्य देऊन एकूण वजन ३६० वरून ४५९ किलोवर गेले, तर किलोभर वाढीला सुमारे १.६ किलो खाद्य लागले. हा आकडा प्रत्येक पंधरवड्याला वहीत लिहावा. आजार नसताना तो चढू लागला की आधी खाद्याच्या दराकडे पाहावे.

ढगाळ हवेत आणि थंडीत तक्ता बाजूला ठेवावा. पाणी २२ अंशांच्या खाली गेले की पंगसाची भूक मंदावते, तेव्हा निम्मे खाद्यही पुरे होते. पंगस हवेतून श्वास घेऊ शकत असल्याने प्राणवायू कमी झाला तरी तो लगेच मरत नाही, पण त्याचे खाणे आणि वाढ घटते.

मासे काढण्याच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे, म्हणजे आतडे रिकामे होते आणि वाहतुकीत पाणी घाण होत नाही. त्या एका दिवसाच्या उपासाने साठलेली चरबी मात्र उतरत नाही, म्हणून दर कमी करायचा असेल तर तो विक्रीच्या काही आठवडे आधीच करावा.