जांघेतल्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर पोराला सांभाळताना

घरी आणताना रिक्षा नको. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांनी टाके तुटत नाहीत, पण भूल उतरत असताना प्रत्येक धक्क्याला पोर कळवळतं आणि उलटीही होते. नातवाला आम्ही शेजाऱ्यांच्या गाडीतून आणलं, हाताशी रिकामी पिशवी ठेवली होती, ती लागलीच. रात्री पेज, मऊ भात, मागेल तेवढाच.

खरं लक्ष हवं औषधाकडे. पॅरासिटामॉल डॉक्टर वजनावरून लिहून देतात, पण सिरपच्या बाटल्या सारख्या नसतात. एकीत ५ मिलीला १२५ मिलिग्रॅम, दुसरीत २५०. आमच्या १६ किलोच्या पठ्ठ्याला एका वेळी २४० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे एकीतलं जवळपास १० मिली, दुसरीतलं ५. घरातली जुनी बाटली काढून अंदाजाने चमचा भरलात तर डोस दुप्पट किंवा निम्मा जातो. पहिले दोन दिवस रडण्याची वाट न बघता दर सहा तासांनी द्या. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही.

मग कडेवर घेणं. चार वर्षांचा घोडा झाला तरी आपल्याकडे पाय फाकवून कडेवर बसतोच. जांघेवर ताण येतो, तेव्हा दोनेक आठवडे आडवं उचला नाहीतर मांडीवर घ्या. तीनचाकी आणि सायकल तेवढे दिवस माळ्यावर. बाकी त्याला पलंगाला खिळवू नका. मोठ्यांसारखी आधाराची जाळी मुलांना सहसा आत बसवत नाहीत, पोटातून जांघेत उतरणारी, जन्मापासून उघडी राहिलेली पिशवी बांधून टाकतात. आमचा दुसऱ्याच दिवशी सोफ्यावर चढत होता.

शी कडक होऊ देऊ नका. पाणी, पपई, भिजवलेले मनुके. कुंथलं की दुखतं, आणि दुखतं म्हणून पोर शी दाबून धरतं.

जखमेला हळद, तेल, पावडर काही नाही. सोसायटीतल्या बायका नाणं बांधायला सांगतील. "हो हो" म्हणा आणि चहा द्या.

मुलाचा अंडकोष सुजून निळसर दिसू शकतो. बघून पोटात गोळा येतो, पण सहसा आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतं. शाळा डॉक्टर म्हणतील तेव्हा, पी.टी.च्या बाईंना मात्र चिठ्ठी द्या.

ताप १०१ च्या वर गेला, जखमेतून पू आला, लाली पसरत चालली किंवा आठ तास शू झाली नाही, तर डॉक्टरांना फोन करा. जांघेत पुन्हा घट्ट, दुखरी गाठ आली आणि सोबत उलट्या असतील तर मध्यरात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा.