डॅमेज्ड ऑब्जेक्टची एरर कधी येते, कधी जाते? एएस/४०० वाल्यांनो, या चुका टाळा

कापसाचा हंगाम, काट्यावर गाड्यांची रांग, आणि पावती निघता निघता स्क्रीनवर मेसेज येतो: ऑब्जेक्ट डॅमेज्ड. ऑपरेटर प्रोग्राम पुन्हा चालवतो, या वेळी पावती निघते आणि सगळे कामाला लागतात. "आता चालून राह्यलं ना, मग राहू द्या." सगळ्यात महागात पडणारी चूक ती हीच.

एएस/४०० (आयबीएमचा धंद्याच्या हिशेबाचा सर्व्हर) आणि त्या घराण्यातल्या पुढच्या मशिनींवर फाइल, प्रोग्राम, युजर प्रोफाइल, सगळं ऑब्जेक्टच असतं. सिस्टिम या ऑब्जेक्टचे तुकडे पूलमधल्या, म्हणजे एकत्र बांधलेल्या, सगळ्या डिस्कवर स्वतःच पसरवते. त्यामुळे बिघाड एकाच डिस्कमध्ये असला तरी आज खरेदीची फाइल अडते, चार दिवसांनी पगाराची. दर वेळी नाव बदलत असेल तर दोष खाली शोधा: डिस्क, कंट्रोलर, वीज. तेच नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर ते ऑब्जेक्टच मोडलेलं असण्याची शक्यता जास्त. हे कळायला वही लागते. तारीख, वेळ, लायब्ररी (ऑब्जेक्ट ज्यात ठेवलेलं असतं तो कप्पा), ऑब्जेक्टचं नाव, मेसेजचा पूर्ण आयडी लिहा आणि जॉब लॉग, म्हणजे त्या कामाची मशीनने ठेवलेली नोंद, जपून ठेवा. सीपीएफ८१ ने सुरू होणारे बरेच मेसेज डॅमेजचेच असतात.

दुसरी चूक: ऑब्जेक्ट डिलीट करून लगेच टेपवरून रिस्टोअर करणे. आधी डीएसपीलॉग (DSPLOG) या कमांडने सिस्टिमच्या लॉगमध्ये त्या वेळेच्या आगेमागे काय घडलं ते बघा. मग एसटीआरएसएसटी (STRSST) या सर्व्हिस टूलमधून प्रॉडक्ट ॲक्टिव्हिटी लॉग, म्हणजे हार्डवेअरच्या बिघाडांची नोंद, उघडा. त्याच मिनिटाला डिस्कची नोंद असेल तर रिस्टोअर करून काही साधत नाही, नवं ऑब्जेक्टही त्याच डिस्कवर जाऊन बसेल. रेडमधली (RAID, एक डिस्क गेली तरी डेटा वाचवणारी डिस्कची जोडणी) एक डिस्क गेली तरी मशीन चालूच राहतं, म्हणून डिस्कची स्थिती स्वतः जाऊन बघावी लागते. मोडलेली लॉजिकल फाइल असेल तर फारसं घाबरू नका. डेटा फिजिकल फाइलमध्ये असतो, लॉजिकल पुन्हा तयार करता येते.

आरसीएलएसटीजी (RCLSTG, स्टोरेज तपासून आवरणारा कमांड) हा रामबाण नाही. त्यासाठी सिस्टिम रिस्ट्रिक्टेड स्टेटमध्ये न्यावी लागते, म्हणजे बाकी सगळे जॉब बंद करावे लागतात, तासन् तास काम बंद राहतं, आणि खराब डिस्क त्याने दुरुस्त होत नाही. आधी हार्डवेअर नीट करा, पूर्ण बॅकअप घ्या, मगच तो चालवा.

आपल्याकडचं खरं दुखणं मात्र विजेचं. लाईन डिम-फुल होते, यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यात दम सोडते आणि मशीन पीडब्ल्यूआरडीडब्ल्यूएनएसवायएस (PWRDWNSYS, नीट बंद करायचा कमांड) न देताच धाडकन बंद पडतं. क्यूएबीएनओआरएमएसडब्ल्यू (QABNORMSW) ही सिस्टिम व्हॅल्यू १ दिसली तर मागचं बंद होणं नीट झालेलं नव्हतं. त्यातच रेड कार्डची कॅशे (डिस्कवर जायच्या आधी डेटा थांबतो ती मेमरी) सांभाळणारी बॅटरी संपलेली असेल तर डिस्कवर न पोचलेला डेटा गेलाच समजा. ही बॅटरी उपसून काढू नका. आधी तिला सर्व्हिस टूलमधून एरर स्थितीत टाकतात, म्हणजे कॅशे रिकामी होते, आणि मग बदलतात. यूपीएसची सिग्नल केबल सर्व्हरला जोडलेली आहे का, तेही बघा. नुसता यूपीएस ठेवला तर वीज गेल्याचं मशीनला कळतच नाही. मे महिन्यात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घालत राहा आणि इलेक्ट्रिशियनकडून रेझिस्टन्स मोजून घ्या.

आणि सर्व्हरच्या खोलीत कूलर लावू नका! पारा ४५ च्या वर गेला की मोह होतो, पण ओलावा आत शिरतो आणि रुईचे तंतू पंख्याच्या जाळीवर चिकटून बसतात. तिथे एसीच हवा, आणि हंगामात जाळी वरचेवर साफ करायला हवी.

बॅकअपचं लाईट हिरवं दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. डॅमेज झालेलं ऑब्जेक्ट सेव्ह होत नाही, बाकीचं होतं. किती ऑब्जेक्ट सेव्ह झाले आणि किती नाहीत, हे जॉब लॉगमध्ये लिहिलेलं असतं. तो रोज सकाळी वाचा. त्यात एकही 'नॉट सेव्ह्ड' दिसलं तर जुन्या चांगल्या टेपवर नवा बॅकअप चढवू नका, ती बाजूला काढून नाव-तारीख लिहून कपाटात ठेवा.

नागपूरहून इंजिनिअर बोलवायचा तर फोनवरच मशीनचा मॉडेल नंबर, सिरियल नंबर, लॉगमधला रेफरन्स कोड आणि वहीतल्या नोंदी सांगा, म्हणजे तो निघतानाच लागणारी डिस्क किंवा बॅटरी सोबत घेऊन येईल.