घराण्यातच कोलेस्टेरॉल असेल तर काय करायचं

वडिलांना नाहीतर काकांना चाळिशी-पन्नाशीत अटॅक आलाय आणि तुमचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १९० च्या वर, तर नुसतं तेल कमी करून भागत नाही, घरातल्या सगळ्यांचं लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करून घ्या, पोरांचं पण, कारण आई-बापात एकाला हा घराण्यातला दोष असला तरी प्रत्येक लेकराला निम्मा चान्स असतो. टाचेमागची दोरीसारखी शीर (कंडरा) जाड झालीय का, कोपरावर पिवळट गाठी आहेत का बघा.

स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) रोज घ्यायचं, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सोडायचं नाही (आपल्या सोलापुरात हे लई जण करतात), कमी पडलं तर सोबत एझेटिमाइब ही दुसरी गोळी, मग दर दोन आठवड्याला पीसीएसके९ (एलडीएल वाढवणारं प्रथिन) रोखणारं इंजेक्शन, महाग आहे पण उतरवतं. मूल हवं असेल तर बाईनं स्टॅटिनचं आधीच डॉक्टरला विचारावं. हा दोष असलेला जीन आई-बाप दोघांकडूनही आला तर एलडीएल बहुतेकदा ४०० च्या पुढं, तिथं मशीननं रक्तातनं गाळून काढतात.

शेंगाचटणी चमचाभर चालते हो, मटणावरचा तवंग मात्र काढा.