चौकोनांचं रंगीत ब्लँकेट विणताना या चुका टाळा

मधोमध तिरपी रेघ असलेल्या चौकोनांचं ब्लँकेट दिसतं अवघड, पण विणायला सोपं. सगळीकडे सुलट टाके, एका वेळी एकच चौकोन, आणि चौकोन कमी-जास्त केले की पाळण्यापासून पलंगापर्यंत कुठलंही माप. बिघडतं ते बहुतेक वेळा पहिल्याच चौकोनात. मग तीच चूक शंभरदा विणली जाते.

आधी सुई बघा. आपल्याकडच्या सुयांवर बहुधा जुने ब्रिटिश नंबर असतात. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकन नमुन्यात नेमकं उलट, तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. नंबर सोडा, मिलिमीटर धरा. टाके सुईवर सरकत नसतील तर एक नंबर जाड सुई घ्या, नाहीतर शेजारच्या काकू अहिराणीत विचारणारच, “इतलं घट्ट काब्रं विनस वं?” म्हणजे, इतकं घट्ट का विणतेस गं?

आता मुख्य दुखणं, मधला टाका. समजा ६१ टाके घातले, म्हणजे ३० + १ + ३०. मधल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा आणि ती वर सरकवत न्या. दर्शनी ओळीत मधल्याच्या अलीकडचा, मधला आणि पलीकडचा असे तीन टाके मिळून एक विणा. मागची ओळ साधी सुलट. दर दोन ओळींनी दोन टाके कमी होतात, हीच घट. पिन लावायचा कंटाळा केला की रेघ एका बाजूला घसरते. घटीच्या ओळीनंतर दोन्हीकडचे टाके मोजा, २९-२९, मग २८-२८. आकडे जुळले नाहीत तर तेवढ्याच दोन ओळी उसवा; पुढे एखादा टाका वाढवून हिशेब जमवला तरी रेघेतला बाक जात नाही.

कोपरा टोकदार होऊन चौकोनाचा पतंग झाला असेल, तर घट प्रत्येक ओळीत झाली आहे. कोपरा फाकला असेल तर घटीची ओळ सुटली आहे, किंवा मागची ओळ उलट टाक्यांनी विणली आहे. सुलट-सुलट विणीत दोन ओळींची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीएवढी भरते, म्हणून हा हिशेब बसतो.

शेजारचा चौकोन जोडून विणताना कडेवरून दोन ओळींमागे एकच टाका उचला. प्रत्येक ओळीला एक उचलला की ३० च्या जागी ६० होतात आणि कड झालरीसारखी फुगते. तसं मला विचाराल तर चौकोन सुटेच विणावेत. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात अर्धं ब्लँकेट मांडीवर घेऊन कोण बसणार? उन्हाळ्यात चौकोन साठवा, शिवण दिवाळीच्या आसपास.

माप ठरवताना नक्षी विसरू नका. चार चौकोनांच्या तिरप्या रेघा मिळून एक हिरा होतो, म्हणून आडवे-उभे दोन्ही आकडे सम हवेत. १५ सेंटिमीटरचा चौकोन धरला तर बाळासाठी ६ × ६, म्हणजे ९० सेंटिमीटर. सिंगल पलंगाला १० × १४, म्हणजे १५० × २१०. पाच चौकोन घेतले की कडेला अर्धा हिरा लटकतो. मधलं माप हवं असेल तर काठ रुंद करा.

लोकर अंदाजाने आणू नका. एक चौकोन विणून वजन करा. सराफांच्या जळगावात वजनकाट्याची काय कमी! १५ ग्रॅम भरला तर १४० चौकोनांना २ किलो १०० ग्रॅम, काठाची वेगळी. काठाचा रंग एकदम घ्या आणि वेष्टनावरचा लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर, जुळवा. दुसऱ्या लॉटचा मरून शेजारी ठेवला की फरक लगेच दिसतो.

रंग निवडताना गुंडे ओळीने ठेवून मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे दिसले तर लांबून नक्षी उठणार नाही. त्यातला एक फिका किंवा गडद करा.

अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवू नका. वीण चपटी होते आणि पुन्हा उठत नाही. धुतलेलं ब्लँकेट दोरीवर टाकलं तर पाण्याच्या वजनाने लांबतं. बाजेवर चादर अंथरून, चारी कोपरे काटकोनात ओढून, सावलीत वाळवा.